साव्हातिए आडनावाची ढाल

१९८६ च्या फेब्रुवारीत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये, एका घराच्या तळघरात बसून मी एका मेलेल्या माणसाचा धंदा बदलला. तो आयुष्यभर जोडे शिवत आला होता. त्याचं आडनावही जोडे शिवणाऱ्याचंच होतं. मी टाइप केलेल्या कागदावर तो सरदारांच्या वंशात जन्मलेला ठरला.

आडनाव साव्हातिए. या लेखात तेवढं एकच नाव येईल.

घर मराठी कुटुंबाचं होतं. कुटुंबप्रमुखांना गावातली सगळी मराठी मंडळी काका म्हणत, मीही म्हणत असे. ते मूळचे पुण्याचे. दिवसा एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर होते आणि संध्याकाळी व शनिवारी तळघरातून टपालाने आडनावं विकत. मासिकांत छोटी जाहिरात येई. गिऱ्हाईक आपलं आडनाव लिहून पाठवी आणि त्याला जुनाट दिसणाऱ्या कागदावर तीन परिच्छेद मिळत: आडनावाचा उगम, अर्थ आणि प्रसार. वर घराण्याची ढाल. कागद चौकटीत बसवून भिंतीवर लावायचा.

परिच्छेद लिहायचं काम माझं होतं. मी नागपूरच्या एका दैनिकात चार वर्षं उपसंपादक होते, त्यामुळे दिलेल्या जागेत मजकूर बसवता येत होता. इंग्रजी बरं होतं. नवऱ्याची नोकरी डब्लिनजवळच होती आणि मला घरी बसायचं नव्हतं. काकांनी मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात विचारलं, "अगं, तू पेपरवाली ना? मग लिहिशील का आमच्यासाठी थोडं?" मी हो म्हणाले.

ढाली तीन होत्या. सिंहाची, गरुडाची आणि बुरुजाची. काकांनी त्या कुठल्याशा पुस्तकातून छायाप्रत काढून घेतल्या होत्या. एका राज्यातल्या दोन गिऱ्हाइकांना एकच ढाल जाऊ नये एवढी काळजी ते घेत. ढालीखाली लॅटिन वाक्य असे. अशी वाक्यं आठ होती आणि ती आळीपाळीने वापरली जात.

कागद जुनाट दिसावा म्हणून तो चहाच्या पाण्यात बुडवत. काकू रोजच्या चहाचा चोथा एका प्लास्टिकच्या डब्यात साठवत आणि शनिवारी तो पुन्हा उकळून पाणी खाली पाठवत. तळघरात दोन पत्र्याचे ट्रे होते. त्यात कागद अर्धा तास भिजे, मग दोरीवर वाळे, मग काकांची मुलगी त्याच्या कडा मेणबत्तीवर जरा जाळे. आठवड्याभराचा शिळा चहा, जळका कागद आणि तळघराची ओल, असा मिळून एक वास होता. तो माझ्या स्वेटरला लागे. घरी गेले की मी स्वेटर बाहेरच्या खोलीत काढून ठेवायची.

माझ्या टेबलासमोर भिंतीवर एक पिवळा कागद चिकटवलेला होता. काकांच्या हस्ताक्षरात दोन रकाने. आडनावाचा अर्थ जर एखादा धंदा निघाला, तर तो छापायचा की नाही हे त्यावरून ठरे. छापायच्या रकान्यात सोनार, लोहार, सुतार, पाथरवट, गिरणीवाला, पाववाला. न छापायच्या रकान्यात खाटीक, न्हावी, धोबी, कातडं कमावणारा, जोडे शिवणारा, झाडूवाला, थडगी खणणारा. कुंभार मधल्या रेघेवर होता आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं. न छापायच्या रकान्यातला धंदा निघाला की 'प्राचीन व सन्माननीय लढवय्यांचं घराणं' असं लिहायचं.

पहिल्या दिवशी ही यादी वाचायला मला मिनिटही लागलं नाही. ती अमेरिकेत तयार झालेली नव्हती. अमेरिकन गिऱ्हाइकांनी तसली काही मागणी केल्याचं एकही पत्र त्या तळघरात नव्हतं. पत्रं मीच उघडत असे. खाटकाच्या वंशातले लोक स्वतःहून लिहीत की आजोबांचं मटणाचं दुकान होतं, त्याचा काही संबंध असेल का? त्यांनाही गरुड जाई.

हे मी सहा महिने केलं. ते इथे नोंदवणं आवश्यक आहे.

साव्हातिए बाईंचं पत्र मेन राज्यातल्या एका लहान गावातून आलं. त्या गावात जोड्यांचे कारखाने होते, त्यातले बरेचसे तेव्हा बंद पडत चालले होते. पत्र निळ्या शाईत, रेघांच्या कागदावर. बाईंचा नवरा आदल्या नोव्हेंबरात वारला होता. जमीन गोठल्यामुळे थडग्यावरचा दगड वसंतात बसवायचा होता. आडनाव नवऱ्याकडचं, त्याचे आजोबा क्युबेकमधून आलेले. घरात कुणालाच आता फ्रेंच येत नव्हतं. बाई स्वतः पोलिश घरातल्या. त्यांनी लिहिलं होतं: दगडावर नावाखाली काहीतरी कोरायची जागा आहे. जे कोरायचं ते खरं असावं. त्याला खोट्या गोष्टींचा राग होता. म्हणून आधी अर्थ कळवा.

मी बसने कोलंबसला गेले आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात फ्रेंच आडनावांचा कोश पाहिला. नोंद सरळ होती. 'साव्हात' म्हणजे झिजलेला, जुना जोडा. त्यापुढचा प्रत्यय ते काम करणाऱ्याचा. साव्हातिए म्हणजे जुने जोडे दुरुस्त करणारा. दक्षिण फ्रान्समध्ये याच नात्यातलं, 'ब' असलेलं आडनाव पुष्कळ आढळतं, 'व्ह' असलेलं त्या मानाने कमी. दुसऱ्या एका पुस्तकात आणखी माहिती मिळाली. मध्ययुगीन पॅरिसमध्ये नवे जोडे करणाऱ्यांचा संघ वेगळा आणि जुने दुरुस्त करणाऱ्यांचा वेगळा होता. नव्यांचा मान मोठा. जुनेवाल्यांनी नवा जोडा करून विकायचा नाही असा नियम होता आणि त्यावरून दोघांची भांडणं चालत.

प्रसारासाठी मी कोलंबसच्या सार्वजनिक ग्रंथालयात टेलिफोन डिरेक्टऱ्या चाळल्या. मेन, न्यू हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्स मिळून एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नोंदी सापडल्या. त्यातली एक त्या बाईंचीच होती, अजून नवऱ्याच्या नावावर.

हे सगळं मी तीन परिच्छेदांत लिहून शनिवारी काकांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय? मोची?"

"जुने जोडे दुरुस्त करणारा. कोशात तसंच आहे, काका."

"कोश राहू दे. माणूस ही फ्रेम लिव्हिंग रूममध्ये लावणार. पाहुणे येणार, सोफ्यावर बसणार, समोर काय? तर आमचे पूर्वज चांभार. कोण लावेल?"

"बाईंनी लिहिलंय, खरं असेल तेच कळवा."

"सगळे तसंच लिहितात गं." ते हसले. "तुम्हा पेपरवाल्यांना चांगली बातमी पचतच नाही. रेअर आहे ना आडनाव? रेअर चालेल. रेअर म्हणजे क्लासी. ते ठेव. प्रसाराला एखादा आकडा घाल, मी सांगतो. बाकी सरदार कर."

त्यांची मुलगी खालच्या पायरीवर बसून कागदाच्या कडा जाळत होती. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिने वर न बघता विचारलं, "डॅड, ही वॉज अ शू गाय. सो व्हॉट?"

"तू पॅकिंग कर," काका म्हणाले.

मी सरदार केला. टाइप करायला वीस मिनिटं लागली. 'साव्हातिए हे प्राचीन व सन्माननीय लढवय्यांचं घराणं असून' अशी सुरुवात. प्रसारात काकांनी सांगितलेला आकडा घातला. तो कुठून आला हे मी विचारलं नाही. ढाल सिंहाची, कारण मेनमध्ये तोवर फक्त गरुड गेला होता. कागद चहात बुडाला, वाळला, जळला आणि सोमवारी टपालात पडला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात काकांकडे मंडळाची बैठक होती, पाडव्याच्या कार्यक्रमाची. पुरुष दिवाणखान्यात बसले होते, बायका स्वयंपाकघरात. काकू ओट्याशी उभ्या राहून कांदा चिरत होत्या. मी काकड्या सोलत होते. सहा महिने मी त्या घरात येत-जात होते, जेवले होते, त्यांच्या फ्रीजमधून दूध काढून चहा केला होता.

"तुमचं आडनाव गावावरून पडलंय ना," काकू म्हणाल्या, "त्यामुळे काही कळत नाही बघ. कर लावलं की सगळे सारखेच. माहेरचं काय गं?"

मी सांगितलं.

सुरी दोनदा चालली आणि थांबली. "हो का. नागपूरकडे असतात ना ते बरेच."

"असतात. आम्ही बौद्ध."

"अगंबाई, मी सहज विचारलं हो. आम्ही काही तसलं मानत नाही. इथे कोण मानतं? परवा तर ह्यांच्या बॉसच्या घरी बीफ होतं टेबलावर, आम्ही शेजारीच बसलो की." त्यांनी पुढे होऊन माझ्या हाताखालची ताटली ओढली. "राहू दे ते. तू बैस बाहेर. थकली असशील."

मी सोललेल्या तीन काकड्या ताटलीत होत्या. कोशिंबीर त्या दिवशी टोमॅटोची झाली. काकड्यांचं काय झालं ते मला कचऱ्याची पिशवी बांधून बाहेर नेताना दिसलं.

पाडव्याच्या जेवणाची यादी आठवड्याने टपालाने आली. मंडळाची पद्धत अशी की प्रत्येक घराने एक पदार्थ करून आणायचा, आणि कुणी काय आणायचं हे काकू ठरवत. संक्रांतीला माझ्याकडे मसालेभात होता, पातेलं घासूनपुसून रिकामं झालं होतं. या यादीत श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, चटण्या यांपुढे इतर घरांची नावं होती. आमच्या नावापुढे लिहिलं होतं: बर्फ, पेपर प्लेट्स.

नवऱ्याने यादी वाचली. "पाकिटं सीलबंद असतात," तो म्हणाला. "विचार करून दिलंय."

"जायचं का?"

"बर्फाशिवाय त्यांचं अडेल. जाऊ."

गेलो. बर्फाच्या दोन पिशव्या आणि प्लेट्सची चार पाकिटं घेऊन गेलो. मंडळातल्या दुसऱ्या एका काकूंनी पिशव्या दारातच घेतल्या आणि छान केलंत म्हणाल्या.

बाईंचं दुसरं पत्र मार्चच्या शेवटी आलं. त्या शनिवारी काका वर फोनवर होते, पत्र मुलीने उघडलं आणि वाचून दाखवलं. बाईंनी आभार मानले होते. लिहिलं होतं की आपल्या नवऱ्याच्या घराण्यात लढवय्ये होते हे ऐकून आश्चर्य वाटलं, त्याने तर उभ्या जन्मात मासासुद्धा मारला नाही. पण तुम्ही अभ्यास केला आहे म्हणजे खरंच असणार. दगड घडवणाऱ्याला सिंह दाखवला. त्याला मोठं, स्वच्छ रेखाचित्र हवं आहे. बर्फाचा थर वितळला की तो कोरायला घेईल. रेखाचित्र लवकर पाठवा.

मुलीने पत्र टेबलावर ठेवलं. "दे आर पुटिंग इट ऑन हिज ग्रेव्ह," ती म्हणाली.

काका खाली आले तेव्हा मी पत्र त्यांच्या हातात दिलं.

"काका, हे भिंतीवरचं नाही आता. दगडावर जाणार आहे."

"मग चांगलंच आहे. फोटो मागव. पुढच्या ब्रोशरला होईल."

"तिने पहिल्या पत्रात लिहिलं होतं, खोटं नको."

"खोटं काय त्यात? दोन-चारशे वर्षांपूर्वी कोण काय होतं हे तू पाहिलंयस?" ते खुर्चीत बसले. आवाज चढवला नव्हता. "हे बघ, मी त्या बाईचं भलंच करतोय. नवरा गेलाय. त्याच्या छातीवर आपण कायमचं मोची लिहून ठेवायचं? त्याची नातवंडं येतील, वाचतील. तुला कळत नाही का, माणसाला ते किती लागतं?"

"तो जोडेच शिवत होता, काका. कारखान्यात. तिने पहिल्याच पत्रात लिहिलंय."

"मग तर अजूनच नको." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. काकूंशी त्यांचं बोलणं झालं आहे हे मला तेव्हा कळलं. "तुझा इंटरेस्ट मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण कामात पर्सनल आणू नये."

वर स्वयंपाकघरात चहाचा चोथा उकळत होता. त्याचा वास जिन्याने खाली येत होता. मी मोठ्या सिंहाची छायाप्रत काढली, पाकिटात घातली, पत्ता टाइप केला. पाकीट सोमवारच्या टपालाच्या टोपलीत ठेवलं. मग पत्रातला फोन नंबर तळहातावर लिहून घेतला.

सोमवारी दुपारी मी घरून फोन केला. बाईंनी तिसऱ्या घंटेला उचलला. मी कोण, कुठून बोलते ते सांगितलं. मग सांगितलं की तुम्हाला पाठवलेला मजकूर चुकीचा आहे, साव्हातिएचा अर्थ जुने जोडे दुरुस्त करणारा असा आहे, आणि ढालीचा तुमच्या कुटुंबाशी काही संबंध नाही.

पलीकडे रेडिओ चालू होता. तो बंद झाला.

"मग लढवय्ये कुणी लिहिलं?"

"मी."

"का?"

"मालकांनी सांगितलं."

"त्यांचं माझ्या नवऱ्याशी काय वैर होतं?"

"ते तुमच्या नवऱ्याला ओळखत नाहीत."

"मग?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते लांब पल्ल्याच्या फोनवर मेनमधल्या बाईंना समजेल असं सांगता आलं नाही. मी म्हणाले, त्यांना वाटलं तुम्हाला लाज वाटेल.

"कशाची?" बाई म्हणाल्या. त्या खरोखर विचारत होत्या.

मग त्या सांगू लागल्या. नवरा मोकॅसिन, म्हणजे मऊ कातड्याचे जोडे, शिवायचा, हाताने. एका हातात कातड्याला भोक पाडायची आरी, दोन सुया, मेण लावलेला दोरा. तो डावखुरा होता, त्यामुळे कारखान्यातली आरी त्याला जमेना, म्हणून मूठ स्वतः कोरून घेतली होती. लग्नाआधी त्याने त्यांच्या वडिलांसाठी एक जोड शिवला. वडिलांनी तो घातला नाही, शेजाऱ्यांना दाखवायला कपाटावर ठेवला. "त्याला हे कळलं असतं तर आठवडाभर हसला असता," बाई म्हणाल्या. "म्हणाला असता, म्हणजे मी नवीन काहीच केलं नाही."

दगड घडवणाऱ्याने आधीच्या कागदावरून सिंह दगडावर खडूने आखून ठेवला होता. बाई म्हणाल्या, मी त्याला थांबवते. पण हे तुम्ही मला लिहून द्या. फोनवरचं बोलणं तो ऐकायचा नाही.

मी लिहून दिलं. साध्या पांढऱ्या कागदावर, कोशातल्या नोंदीच्या छायाप्रतीसह, खाली सही आणि घरचा पत्ता. त्यात आडनावाचा उगम, अर्थ आणि डिरेक्टऱ्यांत सापडलेल्या नोंदी होत्या. मोठा आकडा नव्हता.

पाडवा होऊन दोन आठवडे झाल्यावर तळघराच्या पत्त्यावर एक जाड पाकीट आलं. बाईंना वाटलं होतं की चूक काकांच्या संस्थेनेच दुरुस्त केली. त्यांनी संस्थेचे आभार मानले होते. आत एक मोठा तपकिरी कागद होता. त्यावर आरी आडवी ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवली होती. मुठीला अंगठ्याची खाच होती, डाव्या हाताची. बाईंनी विचारलं होतं की तुमचे चित्रकार सिंहाऐवजी याचं स्वच्छ रेखाचित्र करून देतील का?

पाकीट काकांनी उघडलं होतं. मी गेले तेव्हा कागद टेबलावर पसरलेला होता आणि ते त्याच्यापासून हातभर दूर उभे होते.

"हे तू केलंस."

"हो."

"माझ्या लेटरहेडशिवाय."

"म्हणूनच."

त्यांनी पेन्सिलीने कागदाची कड उचलली आणि तो दुमडला. बोट लावलं नाही. ते एका कागदावरचं चित्र होतं, कातडंसुद्धा नव्हतं. "सध्या काम तसं कमी आहे," ते म्हणाले. "उन्हाळ्यात बघू."

मी पर्स घेतली. टाइपरायटरमध्ये एक कागद अडकवलेला होता. मेनचा पत्ता दिसला म्हणून वाचला. लिहिलं होतं की आमच्या एका तात्पुरत्या कर्मचाऱ्याने युरोपीय घराण्यांच्या परंपरेची माहिती नसल्याने आपली दिशाभूल केली, त्याबद्दल दिलगीर आहोत. साव्हातिए घराण्याचा सिंह अस्सल आहे. सोबत शिक्क्याचं प्रमाणपत्र जोडत आहोत.

शिक्का मला माहीत होता. ड्रॉवरमध्ये असायचा. वर्तुळात बुरूज.

मुलगी माझ्या मागोमाग गाडीपर्यंत आली. तिने दुमडलेला तपकिरी कागद जॅकेटच्या आतून काढून मला दिला. "ही वॉज गोइंग टू थ्रो इट," ती म्हणाली. मग मराठीत, जरा अडखळत: "सॉरी हं, मावशी."

मी आरीच्या त्या आकृतीवर पातळ कागद ठेवून शाईने एक रेघ फिरवली, दोन्ही कागद गुंडाळले आणि बाईंना परत पाठवले. चित्रकला मला येत नाही. रेघ एके ठिकाणी हलली होती. सोबत दोन ओळी लिहिल्या: प्रमाणपत्रावरचा शिक्का ड्रॉवरमधला आहे. कोशाच्या प्रतीवर विश्वास ठेवा.

उत्तर आलं नाही. मे संपला, जून संपला. बाईंपुढे आता दोन कागद होते, एकावर शिक्का आणि एकावर फक्त सही. मी फोन केला नाही. ठरवायचं त्यांचं होतं आणि मी आधीच त्यांना एकदा खोटं लिहिलेलं होतं.

उन्हाळ्यात काम निघालं नाही. सप्टेंबरमध्ये संस्थेचं नवं माहितीपत्रक मंडळाच्या सगळ्या घरी आलं, आमच्याही. दुसऱ्या पानावर नमुन्याची आडनावं होती. साव्हातिए त्यात होतं. 'दुर्मिळ फ्रेंच सरदार घराणं', शेजारी सिंह, खाली काकांचा आकडा. फेब्रुवारीत सांगितला होता त्यापेक्षा तो वाढला होता. बाकी मजकूर माझाच होता, एक शब्दही बदललेला नव्हता.

दिवाळीच्या कार्यक्रमाची यादी ऑक्टोबरमध्ये आली. आमच्या नावापुढे बर्फ आणि पेपर प्लेट्स होत्या, आणि हाताने भर घातली होती: कचऱ्याच्या पिशव्या. नवऱ्याने ती फ्रीजवर लावली. आम्ही गेलो नाही. बर्फ कुणी आणला ते कळलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मेनहून पाकीट आलं. पत्र नव्हतं, रंगीत फोटो होता. राखाडी दगड, पुढे वाळलेली पानं, एका कडेला बाईंच्या कोटाची बाही. वर आडनाव, त्याखाली नवऱ्याचं नाव, बाईंचं नाव, जन्माची आणि मृत्यूची सालं. बाईंच्या नावापुढचं दुसरं साल रिकामं. खाली हातभर लांबीची आरी कोरलेली आहे. मुठीला खाच आहे, डाव्या हाताची. माझी रेघ जिथे हलली होती, तिथे दगडातही ती हललेली आहे.